जोडीमागचं घर

आशियाई बीएल, म्हणजे ‘बॉइज लव्ह’, दोन मुलांमधल्या प्रेमाच्या मालिकांच्या चाहत्यांशी बोलायला बसलं की पहिला प्रश्न जोडीचा असतो. तुला कोणती जोडी आवडते, कुणाची केमिस्ट्री खरी वाटली, कोण पुन्हा एकत्र काम करतंय. या गप्पांत मीही मनापासून रमते. पण मला परत परत पाहाव्याशा वाटणाऱ्या मालिकांची नावं घेतली की समोरची व्यक्ती बहुतेकदा विचारते, ‘ही कुठली?’ आणि पाहिलेली असलीच तर तक्रारी ठरलेल्या असतात. फार संथ आहे. रोमान्स कमी आहे. शेवट अर्धवट सोडलाय.

या तक्रारी इतक्या वेळा ऐकल्यावर मला त्यांत एक समान धागा दिसायला लागला. मागे पडलेल्या या मालिकांत दोन प्रेमिक असतातच, पण गोष्ट त्यांच्यापाशी संपत नाही. त्यांच्या मागे उभी असलेली आई, वारलेला बाप, भावाला शोधत दारात येऊन थांबलेली बहीण, यांच्याकडेही ती तेवढ्याच लक्षाने पाहते. जोडी पाहायला आलेल्या प्रेक्षकाला हे विषयांतर वाटतं. मला तीच खरी गोष्ट वाटते. दोन मुलांनी एकमेकांवर प्रेम करणं आपल्या या सगळ्या देशांमध्ये दोघांपुरतं राहूच शकत नाही. त्यात घर येतं, आणि घर आलं की सगळंच येतं.

हा प्रकार मुळात जपानी मुलींच्या मांगातून, म्हणजे चित्रकथांतून, १९७०च्या दशकात आला. लिहिणाऱ्या स्त्रिया, वाचणाऱ्याही बहुतांशी स्त्रियाच. टीव्हीवर त्याचा मोठा बाजार उभा केला तो थायलंडने. २०१४ची ‘लव्ह सिक’, २०१६ची ‘सोटस’ आणि मग २०२०मध्ये ऐन लॉकडाउनच्या काळात आलेली ‘टुगेदर’. यूट्यूबवर फुकट, इंग्रजी सबटायटल्ससह. भारतातले कितीतरी प्रेक्षक त्याच वर्षी या वाटेला लागले. या बाजाराचं गणित जोडीवर चालतं. दोन नट एका मालिकेत जमले की त्यांची नावं जोडून एक नाव होतं, मग त्याच दोघांच्या पुढच्या मालिका, जाहिराती, चाहत्यांचे मेळावे. यात नटांना काम मिळतं, चाहत्यांना आनंद मिळतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या गणितात न बसणारी गोष्ट किती सहज बाजूला पडते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

‘हीज कमिंग टू मी’ हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. २०१९ची थाई मालिका, फक्त आठ भाग, दिग्दर्शक ऑफ नोप्पर्णात. सिंगतो आणि ओम पवत हे दोघं नायक. आता अडचण बघा. ‘सोटस’मुळे सिंगतोची जोडी प्रेक्षकांच्या मनात क्रिस्टशी पक्की झाली होती. त्याला दुसऱ्याबरोबर पाहायची पुष्कळांची तयारीच नव्हती. त्यात मालिका आली ती लाइन टीव्हीवर, म्हणजे थायलंडबाहेरच्या प्रेक्षकाच्या सहज हाताला लागेल अशा ठिकाणी नव्हे. दिग्दर्शक ऑफ यांचं नाव नंतर ‘अ टेल ऑफ थाउजंड स्टार्स’, ‘बॅड बडी’ आणि ‘मूनलाइट चिकन’मुळे सर्वदूर झालं, तेव्हा कुठे काही जण मागे वळून या मालिकेकडे आले. बरेच आलेच नाहीत.

गोष्ट सुरू होते दफनभूमीत. थायलंडमधली चिनी वंशाची कुटुंबं एप्रिलच्या सुमारास चेंगमेंग पाळतात. पूर्वजांच्या कबरी साफ करायच्या, खाणं मांडायचं, उदबत्त्या लावायच्या. लहानगा थुन आईबरोबर वडिलांच्या कबरीवर येतो आणि त्याला तिथे एक तरुण दिसतो, जो इतर कुणालाच दिसत नाही. तो मेस. मेलेला. त्याच्या कबरीवर कुणी येत नाही, त्याच्यासाठी कुणी काही मांडत नाही. पितृपंधरवड्यात पान वाढून कावळ्याची वाट पाहणाऱ्या घरातल्या माणसाला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही. सगळ्यांची माणसं येतात, आपलं कुणी येत नाही, आणि एक परका पोर आपल्याला बघून हसतो.

थुन मोठा होतो, बँकॉकला कॉलेजात जातो, मेस त्याच्यासोबत जातो, आणि मेसचा मृत्यू कसा झाला याचा शोध सुरू होतो. रहस्याचा हा भाग मला तितकासा पकडत नाही, तो जरा पटकन उरकलाय. पण थुन जेव्हा स्वतःबद्दल बोलायला लागतो, आधी मित्रांपाशी आणि मग आईपाशी, तेव्हा ही मालिका फार उंचीवर जाते. आईसमोरच्या त्या प्रसंगात ओम पवतने काय काम केलंय! तो रडतो ते सुंदर दिसण्याची काळजी सोडून, चेहरा वेडावाकडा होईपर्यंत. त्याला भीती आईच्या रागाची नाहीये. एकटीने आपल्याला वाढवणाऱ्या या बाईला आपण आणखी एक दुःख देतोय, या विचाराने तो मोडलाय. आणि आई त्याला जवळ घेते. थाई मालिकांत पुढे असे प्रसंग पुष्कळ आले, काही तर ठरावीक साच्याचे वाटावेत इतके. पण ज्यांनी हा पाहिलाय त्यांना विचारा. ते मालिकेतला प्रणय विसरलेले असतील, हा प्रसंग विसरलेले नसतात.

आईचाच विषय निघाला म्हणून सांगते, २०२२च्या ‘१८० डिग्री लॉन्जिट्यूड पासेस थ्रू अस’ या थाई मालिकेबद्दल कुणी बोलत नाही, आणि ते मला अजिबात पटत नाही. पुन्नसक सुकी या रंगभूमीवरून आलेल्या दिग्दर्शकाची ही मालिका. डोंगरातलं एक घर, आणि जवळजवळ पूर्ण वेळ तीनच माणसं. कॉलेजात जाणारा वांग, त्याची अभिनेत्री आई सासिविमोल, आणि घराचा मालक इन, जो वांगच्या वडिलांचा जुना मित्र आहे. वडील, सयाम, या जगात नाहीत. आणि तरी सगळ्या खोल्या त्यांनीच व्यापलेल्या आहेत. बायकोने त्यांच्यावर प्रेम केलं. मित्रानेही केलं. मुलाला बाप नीट मिळालाच नाही, म्हणून तो या दोघांच्या आठवणींमधून त्याला गोळा करतोय, आणि तसं करताकरता बापाच्या मित्राच्या प्रेमात पडतोय.

नुसतं कथानक सांगितलं तर ते खळबळजनक वाटेल, मला ठाऊक आहे. पडद्यावर ते तसं राहत नाही, कारण ही माणसं बोलतात. नाटकातल्यासारखी लांब, थांबून, एकमेकांना खोडत बोलतात. जेवणाच्या टेबलावरचं एक संभाषण कुठल्या कुठे जाऊन पोचतं. ज्यांनी मराठीत प्रायोगिक नाटकं पाहिली आहेत, एका दिवाणखान्यात तीन पात्रांनी दोन अंक पेललेले पाहिले आहेत, त्यांना हे अनोळखी वाटणार नाही. मला तर वाटतं, नेहमीच्या बीएल प्रेक्षकापेक्षा आपल्याकडच्या नाटकवेड्या माणसाला ही मालिका जास्त भावेल. सासिविमोल खलनायिका नाही. मुलावर तिचा जीव आहे आणि स्वतःच्या मोकळ्या विचारांवर तिचा विश्वासही आहे. पण नवऱ्याच्या बाबतीत जे घडलं ते पुन्हा मुलाच्या बाबतीत समोर उभं राहिल्यावर ते विचार तिच्या कामी येत नाहीत. शिकल्यासवरलेल्या, पुरोगामी म्हणवणाऱ्या कितीतरी घरांत नेमकं हेच घडतं. तत्त्व म्हणून सगळं मान्य असतं. आपल्या मुलापाशी येऊन ते अडतं.

या मालिकेवरची तक्रार म्हणजे तिच्यात काही होत नाही. दोन नायक गोड शेवटाकडे जात नाहीत हे खरं. पण ते एकत्र आले असते तर मला फसवल्यासारखं वाटलं असतं. त्या घरात सयामची सावली इतकी गडद आहे की वांग आणि इन एकमेकांकडे पाहतात तेव्हा दोघांना नक्की कोण दिसतंय, हाच तर प्रश्न आहे.

फिलिपिन्सची ‘गाया सा पेलिकुला’ मी या सगळ्यांपेक्षा जवळची मानते. २०२०च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेली, आठ भागांची, यूट्यूबवर आलेली. कवितांच्या सादरीकरणामुळे तिथे नाव झालेला हुआन मिगेल सेव्हेरो तिचा लेखक. कार्ल वास्तुशास्त्राचा विद्यार्थी, व्लाद सिनेमाचा. कार्ल काकाच्या फ्लॅटवर एकटा राहतोय, व्लाद घरच्यांपासून पळ काढून तिथे येऊन पडतो. दोघं एका छताखाली राहू लागतात आणि पुढे काय होणार हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. ते कसं होतं यात सगळी मजा आहे. व्लादने स्वतःला ओळखलंय आणि त्याची किंमतही मोजलीय. कार्ल अजून स्वतःशीच ते वाक्य पूर्ण करू शकत नाही. व्लादची बहीण त्याला शोधत येते तेव्हा कळतं की प्रेम करणारी माणसंसुद्धा किती खोल जखम करून बसतात, आणि नंतर तीच माणसं हात धरायला येतात तेव्हा त्यांना काय उत्तर द्यायचं.

शेवटी ते वेगळे होतात. व्लादला पुन्हा लपून जगायचं नाहीये, कार्लची अजून बाहेर येण्याची तयारी नाही. कुणीही चुकत नाही. या शेवटावर प्रेक्षक तेव्हा फार नाराज झाले, आणि दुसरा सीझन न आल्यामुळे ती नाराजी तशीच राहिली. मी मात्र या शेवटाच्या बाजूने कितीही वेळ भांडायला तयार आहे. फिलिपिन्समध्ये सोगी विधेयक, म्हणजे लैंगिक कलामुळे होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा कायदा, पहिल्यांदा २००० साली मांडला गेला आणि वीस वर्षांनी, ही मालिका आली तेव्हाही, तो मंजूर व्हायचाच होता. अशा देशातल्या एका विशीच्या मुलाला आठ भागांत तयार करून, सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या घेणं लेखकाला सोपं होतं. त्याने कार्लला वेळ दिला. ‘तू तयार नाहीस, हरकत नाही, पण मी इथे अर्धा राहू शकत नाही’ असं दुसऱ्याला म्हणू दिलं. दोघांची प्रतिष्ठा राखणारा इतका प्रामाणिक निरोप मी प्रेमकथांमध्ये फारच थोड्या वेळा पाहिलाय.

कोरियाची ‘द एट्थ सेन्स’ (२०२३) आणि जपानची ‘इटर्नल येस्टरडे’ (२०२२) यांच्याबद्दल थोडक्यात सांगते, दोन्हींवर खरं तर स्वतंत्र लिहायला हवं. पहिलीत लष्करी सेवा संपवून कॉलेजात परतलेला मुलगा आहे, त्याच्या मनात धाकट्या भावाचं दुःख घर करून बसलंय, आणि समुपदेशकासमोर तो तुटक तुटक बोलतो ते प्रसंग प्रेमप्रसंगांइतकेच जपून चित्रित केले आहेत. दुसरीत शाळकरी मुलगा अपघातात मरतो, हृदय थांबतं, आणि तरी तो उठून शाळेत येत राहतो. आजूबाजूची माणसं हळूहळू त्याला विसरू लागतात. दुःखाला वेळ देणारी इतकी हळवी कल्पना मी दूरचित्रवाणीवर क्वचित पाहिलीय. ही एकटीने पाहू नका एवढंच सांगेन.

आणि मग ‘व्हॉट डिड यू ईट येस्टरडे?’ ही काही अपरिचित मालिका नाही, जपानमध्ये तर ती खूप गाजली. पण बीएलच्या गप्पांमध्ये तिला जागाच मिळत नाही. कारण नायक चाळिशी ओलांडलेले आहेत. शिरो वकील, केन्जी केशकर्तनकार. फुमी योशिनागा यांच्या मांगावरून नाओको अदाची यांनी पटकथा लिहिली आणि २०१९मध्ये टीव्ही टोकियोवर रात्री उशिरा ती लागली. निशिजिमा हिदेतोशी आणि उचिनो सेइयो हे दोन कसलेले नट. शिरो वेळेवर ऑफिसातून निघतो, सुपरमार्केटमध्ये स्वस्त काय मिळतंय ते पाहतो, महिन्याला २५,००० येनांत दोघांचं जेवण बसवतो आणि रोज रात्री पद्धतशीर स्वयंपाक करतो. कलिंगड अख्खं परवडत नाही म्हणून दुकानात भेटलेल्या अनोळखी गृहिणीबरोबर अर्धं अर्धं वाटून घेतो आणि त्यातून दोघांची मैत्री होते. काटकसरीतून जुळलेली अशी मैत्री आपल्याकडे भाजीबाजारात रोज दिसते, पडद्यावर मात्र कुणी दाखवत नाही.

प्रेम म्हणजे फक्त पहिली नजर आणि पहिलं चुंबन असेल, तर या मालिकेत प्रेम नाहीच. पण संध्याकाळी दोन माणसं समोरासमोर बसून ‘आज माशाला मीठ बरोबर पडलंय’ असं म्हणतात, वर्षानुवर्षं म्हणत राहतात, याला काय म्हणायचं? त्यांच्या ओळखीच्या एका जोडप्यातल्या माणसाला आपली मालमत्ता आईवडिलांना न जाता जोडीदाराला मिळावी असं वाटतं. लग्नाचा मार्ग नाही, म्हणून तो जोडीदाराला कायदेशीर दत्तक घेण्याचा विचार करतो. वकील असलेल्या शिरोशी शांतपणे त्याची चर्चा होते. ना कसलं भाषण, ना कुणाचा आक्रोश. प्रौढ माणसाला दत्तक घेण्याची ही वाट जपानमध्ये खरीच वापरली जाते, आणि त्या एका प्रसंगातून विवाहाचा हक्क नसणं म्हणजे रोजच्या आयुष्यात काय, ते जितकं समजतं तितकं एखाद्या घोषणेतून समजत नाही.

माझी मावशी आमच्याकडे राहायला आली होती तेव्हा मी हीच मालिका पाहत होते. ती आधी बसली ती पाककृतींसाठी. मासा कसा शिजवतात, सोया सॉस कधी घालतात. हे दोघं कोण, हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मालिका आपलं काम करत होती. शिरोच्या आईवडिलांना मुलाबद्दल माहीत आहे. आई त्याला तोंडभरून सांगते की तू कसाही असलास, अगदी गुन्हेगार असलास तरी आम्ही तुझेच आहोत. तिला कळतही नाही की आपण त्याला कुणाच्या शेजारी बसवलं. शेवटच्या भागात शिरो नववर्षाला केन्जीला घरी घेऊन जातो. आई ताटं मांडते, वडील बोलायचा प्रयत्न करतात. परतीच्या वाटेवर केन्जी रडतो, कारण जोडीदाराच्या आईवडिलांच्या घरी बसून जेवण्याचा दिवस आपल्या नशिबात आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. मावशी बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘त्या आईला झेपत नाहीये गं. पण तिने ताट मांडलं.’

मला या वाक्याहून नेमकं काही सुचलेलं नाही. आणि मावशी किती बरोबर होती ते या मालिकेची गोष्ट पुढे नेणाऱ्या २०२१च्या चित्रपटात कळतं. त्या भेटीनंतर आईची तब्येत बिघडते, आणि केन्जीला पुन्हा घरी आणू नकोस असं ती मुलाला सांगते. शिरो ते मनात ठेवून केन्जीला क्योटोला फिरायला नेतो आणि तिथे कबूल करतो. मालिकेच्या गोड शेवटानंतर हे लिहायला धैर्य लागतं. आईबापांचा स्वीकार एका जेवणात पुरा होत नाही. एक पाऊल पुढे पडतं, दोन मागे जातात, आणि तरी नातं तुटत नाही. हे दाखवणाऱ्या मालिकेला बीएल म्हणायचं की नाही यावर चाहते वाद घालतात. घालोत. मी तिला या सगळ्या परंपरेचं वयात आलेलं रूप मानते.

एक आक्षेप मला मान्य आहे. बीएलचा बराचसा भाग स्त्रियांनी स्त्रियांसाठी रंगवलेलं स्वप्न आहे, आणि प्रत्यक्ष समलिंगी पुरुषांचं जगणं त्यात कमीच येतं. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५पासून समलिंगी विवाह कायदेशीर झाले, तेव्हा या मालिकांनीच हे घडवलं असं कौतुक पुष्कळ ठिकाणी वाचलं. मालिकांनी हवा तयार केली असेल, मी नाकारत नाही. पण कायदा आणला तो वर्षानुवर्षं रस्त्यावर आणि संसदेत झगडलेल्या माणसांनी. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने विवाहाच्या हक्काची मागणी मान्य केली नाही, तेव्हा भारतात या मालिकांवर जीव टाकणाऱ्या माझ्यासारख्या प्रेक्षकांनी त्याबद्दल किती बोललो? जोडीवर प्रेम करणं सोपं होतं. म्हणूनच मी या घराच्या गोष्टींचा एवढा आग्रह धरते. त्या प्रेक्षकाला बाहेर उभं राहू देत नाहीत. त्या पाहताना तुम्ही प्रेमिकांच्या जागी असण्याआधी त्या आईच्या, मावशीच्या, बहिणीच्या जागी असता.

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागातलं मुख्य पारितोषिक मिळालं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवण झाली ती ‘हीज कमिंग टू मी’ची. बीएलशी त्या चित्रपटाचा काही संबंध नाही, ते जग वेगळं, ती भाषा आपली. पण वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद, त्याच्याबद्दल सगळं जाणणारी त्याची आई, आणि नातेवाइकांच्या प्रश्नांच्या गराड्यात तिचं त्याला सांभाळून घेणं हे सगळं पाहताना मला त्या थाई विधवेचा चेहरा दिसत राहिला. दोन देशांतल्या दोन आया, दोघींच्या घरात नुकताच किंवा कधीतरी झालेला मृत्यू, आणि दोघींनी मुलाला आधी जवळ घेतलं.

सुरुवात कुठून करू, असं मला मैत्रिणी विचारतात. बीएल पूर्वी पाहिलंच नसेल तर शिरो आणि केन्जीपासून करा, आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा. निमित्त स्वयंपाकाचं सांगा. नेहमीच्या चाहत्या असाल तर ‘गाया सा पेलिकुला’ पाहा आणि मग शेवटावर माझ्याशी भांडायला या. ‘१८० डिग्री’ला मात्र एक पूर्ण रविवार द्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि पहिल्या भागात काही घडत नाही म्हणून बंद करू नका. जेवणाच्या टेबलावर सासिविमोल बोलायला लागेपर्यंत थांबा.